फी शून्य करायची तर: मोफत पदवी शिक्षणाचा हिशोब आणि पैसा उभा करण्याच्या वाटा

'उच्च शिक्षण मोफत करा' असं निवेदन दर अधिवेशनाला मंत्रालयात शेकड्याने जातं. त्यातली बहुतेक निवेदनं 'पाहिले' या शेऱ्यापलीकडे जात नाहीत, कारण वित्त विभागाचे तीन प्रश्न ठरलेले असतात. किती लागतील? कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून? आणि तिसरा, जो मोठ्याने विचारला जात नाही: पुढच्या वर्षी किती? विद्यार्थी संघटना, प्राध्यापक संघटना, विद्यापीठाचे अधिसभा सदस्य किंवा एखाद्या आमदाराच्या कार्यालयात काम करणारे, ज्यांना कुणाला ही मागणी गांभीर्याने मांडायची आहे त्यांच्यासाठी ही कामाची पद्धत लिहिली आहे. उदाहरण महाराष्ट्राचं आहे. इथे फी निम्म्याहून जास्त मुलामुलींसाठी कागदावर आधीच माफ किंवा अर्धी आहे, आणि घोटाळा नेमका त्या 'कागदावर'मध्येच आहे.

आधी पावती वाचा

तीन पावत्या मिळवा. एक अनुदानित बीएची, एक त्याच कॉलेजातल्या विनाअनुदानित बीसीएची आणि एक खासगी इंजिनीअरिंगची. शेजारी शेजारी ठेवून रकाने वाचा.

बीएच्या पावतीवर शिकवणी फी नावापुरती असते, कारण प्राध्यापकांचा पगार सरकार थेट देतं. खरी रांग तिच्या खाली लागलेली असते: ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण निधी, आपत्ती व्यवस्थापन निधी, विमा, अनामत, अश्वमेध. (अश्वमेध म्हणजे राज्याचा आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव. पोराने कधी मैदानाचं तोंड पाहिलं नसलं तरी वर्गणी कापली जाते.) बीसीएच्या पावतीवर शिकवणी फी एकदम हजारांच्या घरात जाते. इमारत तीच, गेटही तेच, पण तुकडी विनाअनुदानित असल्यामुळे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं मानधनसुद्धा या फीतूनच निघतं. इंजिनीअरिंगच्या पावतीवर शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन मोठे आकडे दिसतील. ते शुल्क नियामक प्राधिकरणाने २०१५च्या कायद्याखाली त्या कॉलेजपुरते मंजूर केलेले असतात, म्हणून शेजारच्या दोन कॉलेजांची फी एकसारखी नसते.

आता निवेदनातल्या 'मोफत' या शब्दाचा अर्थ ठरवा. त्याचे तीन थर आहेत. पहिला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. दुसरा विकास शुल्क आणि बाकीचे बारीकसारीक रकाने. तिसरा राहणं, जेवण, प्रवास. तुम्ही कोणता थर मागताय ते पहिल्या परिच्छेदात लिहा. ते न लिहिता मागणी मान्य झाली तर हमखास पहिलाच थर पदरात पडतो, आणि जूनमध्ये कॉलेजच्या खिडकीवर बाप विचारतो, "फी माफ आहे ना, मग हे अठरा हजार कसले?"

हे झालेलं आहे. उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा ८ जुलै २०२४चा शासन निर्णय मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत १०० टक्के फी माफी देतो. त्याआधी ती ५० टक्के होती. पण तो निर्णय नीट वाचला तर चार कुंपणं दिसतात. माफी फक्त शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी प्रवर्गातली हवी. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा, व्यवस्थापन कोटा किंवा संस्था स्तरावरचा प्रवेश चालत नाही. आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं बाहेर. शेवटचं कुंपण आज किरकोळ वाटेल, पण जुनी नावाजलेली कॉलेजं एकेक करून खासगी विद्यापीठं होत चालली आहेत. चांगल्या जागाच योजनेबाहेर सरकत जाणार, हे तुमच्या निवेदनात यायला हवं.

सरकार आत्ताच किती भरतं ते शोधा

इथे बहुतेक जण एकच चूक करतात. ते सगळ्या कॉलेजांची फी आणि विद्यार्थ्यांची संख्या यांचा गुणाकार करतात आणि तो भयंकर आकडा पुढे ठेवतात. वित्त विभागाला नकार द्यायला तेवढंच पुरतं. त्या रकमेतला मोठा भाग सरकार शिष्यवृत्तीच्या नावाने आजही देतंच आहे. तुम्हाला हवा आहे तो फक्त वरचा फरक.

राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तकं संकेतस्थळावर असतात. उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या मागण्या, म्हणजे खर्चाचे प्रस्ताव, डब्ल्यू या अक्षराखाली आहेत. सर्वसाधारण शिक्षणाचं मुख्य लेखाशीर्ष २२०२, तंत्रशिक्षणाचं २२०३. एवढंच पाहून थांबलात तर अर्धा खर्च निसटतो, कारण अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्त्या दुसऱ्या विभागांच्या मागण्यांमध्ये, २२२५ या शीर्षाखाली असतात. वैद्यकीय शिक्षण २२१० मध्ये, कृषी विद्यापीठं २४१५ मध्ये. सरकारी कॉलेजांनी गोळा केलेली फी जमेच्या बाजूला ०२०२ खाली येते. फी माफ केली की ही जमा जाते, म्हणून तीही हिशोबात धरायची.

पुस्तकात प्रत्येक शीर्षासमोरचे हे रकाने पाहा: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. हिशोब नेहमी प्रत्यक्ष खर्चावर करा. तरतूद मोठी दाखवून निधी उशिरा किंवा अर्धाच सोडायचा, ही सगळ्याच विभागांची जुनी सवय. वर्षाच्या मध्यात किती निधी वितरित झाला आणि किती खर्च झाला ते 'बीम्स' या प्रणालीवर दिसतं.

कॉलेजनिहाय आकड्यांसाठी माहिती अधिकार वापरा. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच. महाराष्ट्राच्या नियमात शब्दमर्यादा आहे आणि दोन विषय एकत्र केले की अर्ज त्याच कारणाने परत येतो. 'शिष्यवृत्तीबाबत संपूर्ण माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. असं मागा: अमुक जिल्ह्यातल्या कॉलेजांनुसार, २०२३-२४ आणि २०२४-२५ या वर्षांत महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर आलेले अर्ज, पात्र ठरलेले, कॉलेज स्तरावर प्रलंबित, विभाग स्तरावर प्रलंबित, आणि प्रत्यक्ष वितरित रक्कम. पाच आकडे, दोन वर्षं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील.

एका कॉलेजचा हिशोब

राज्याचा आकडा काढण्याआधी एका कॉलेजवर हात बसवा. खालचं कॉलेज नमुन्याचं आहे, आकडे सोयीसाठी घेतलेले. तुमच्या जिल्ह्यातल्या कॉलेजचे खरे आकडे यात बसवा.

समजा खासगी इंजिनीअरिंग कॉलेज, चारही वर्षांची मिळून १,२०० मुलं, सगळी कॅपमधून आलेली. शिक्षण शुल्क ९०,००० रुपये, परीक्षा शुल्क ५,०००, विकास आणि इतर शुल्क १३,०००. माणशी १,०८,०००. सरळ गुणाकार केला तर १२ कोटी ९६ लाख. भीती घालणारा आकडा तो हाच.

आता मुलांची विभागणी करा. अनुसूचित जाती, जमाती आणि विमुक्त-भटक्या प्रवर्गातले पात्र विद्यार्थी २४०, यांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकार पूर्ण देतं. २०२४च्या निर्णयात बसणाऱ्या मुली ३००, यांचंही पूर्ण. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी प्रवर्गातले ८ लाखांच्या आतले मुलगे ४२०, यांना निम्मं. उरलेले २४० कोणत्याच योजनेत नाहीत.

पहिल्या ५४० जणांचे माणशी ९५,००० म्हणजे ५ कोटी १३ लाख. ४२० मुलग्यांचे माणशी ४७,५०० म्हणजे १ कोटी ९९ लाख ५० हजार. सरकार आजच देणं लागतं ७ कोटी १२ लाख ५० हजार. सगळ्यांना सगळी फी माफ करायला नवा पैसा लागतो तो ५ कोटी ८३ लाख ५० हजार, म्हणजे मूळ आकड्याच्या ४५ टक्के.

याचेही तुकडे पाडा, कारण वाटाघाटीत तेच कामी येतात. ४२० मुलग्यांना मुलींच्या बरोबरीने आणायला १ कोटी ९९ लाख ५० हजार. योजनेत असलेल्या ९६० जणांचं विकास व इतर शुल्क काढायला १ कोटी २४ लाख ८० हजार. आणि योजनेबाहेरच्या २४० जणांना आत घ्यायला २ कोटी ५९ लाख २० हजार. एकाच घरातली बहीण पूर्ण माफीत आणि भाऊ अर्ध्या फीत, ही विसंगती दूर करणारा पहिला तुकडा सगळ्यात आधी मागा. तो समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात.

अजून एक युक्ती आहे. माफी फक्त यंदाच्या पहिल्या वर्षापासून सुरू करायची आणि ती तुकडी पुढे सरकेल तशी वाढवायची. मग पहिल्या वर्षी खर्च साधारण चौथा हिस्सा येतो आणि चार वर्षांत पूर्ण होतो. वित्त विभागाला हे आवडतं. विद्यार्थ्यांना आवडत नाही, कारण दुसऱ्या वर्षातल्या मुलीने काय पाप केलं? २०२४च्या निर्णयात जुन्या, नूतनीकरणाच्या विद्यार्थिनींनाही घेतलं होतं आणि त्याचा अतिरिक्त भार ९०६ कोटी रुपये धरला होता. राज्यस्तरावर बोलताना हा ९०६ कोटींचा आकडा खुंटी म्हणून वापरा: सरकारने स्वतः काढलेला आहे, त्यावर वाद होत नाही.

पुढच्या वर्षीचा आकडा काढताना दोन वाढी धरायच्या. फी माफ झाली की प्रवेश वाढतात. आणि शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजच्या लेखापरीक्षित खर्चावरून फी ठरवतं, त्यामुळे बिल सरकारच भरणार हे कळल्यावर खर्च फुगवायला संस्थेला कारण मिळतं. पालक ओरडेनासे झाले की फीवर नजर ठेवणारं पहिलं माणूस गेलं. म्हणून प्रत्येक शाखेला प्रतिविद्यार्थी कमाल दर ठरवण्याची अट तुम्ही स्वतःच निवेदनात टाका.

पैसा कुठून

सगळ्यात आधी जे करता येत नाही ते बाजूला काढू. 'पदवीधरांवर जादा आयकर लावा' ही सूचना हमखास येते. राज्याला ते जमत नाही: शेती सोडून बाकी उत्पन्नावरचा कर हा केंद्राचा विषय. जीएसटीवर राज्याने स्वतःच्या मनाने उपकर लावणंही शक्य नाही. निवेदनात हे आलं की वाचणारा अधिकारी पुढचं पान उलटत नाही. 'शिक्षणावर सहा टक्के' हेही जपून वापरा. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के म्हटलं आणि २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तेच पुन्हा म्हटलं, पण ते केंद्र आणि राज्यं मिळून, बालवाडीपासून पीएचडीपर्यंतच्या सगळ्या शिक्षणासाठी. उच्च शिक्षणाच्या वाट्याला म्हणून तो आकडा फेकू नये.

आता आपल्या हातातलं. महाराष्ट्राकडे राखीव कराचा एक भक्कम दाखला आहे. १९७५ साली व्यवसाय कर लावला तो रोजगार हमी योजनेसाठी. पगाराच्या चिठ्ठीवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, तो हाच. एका विशिष्ट हक्कासाठी शहरातल्या पगारदाराने वर्गणी द्यावी हे या राज्याने तेव्हा मान्य केलं. मग पदवी शिक्षणासाठी तोच कर वाढवावा का? इथे अडतं. राज्यघटनेच्या २७६व्या कलमात माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा आहे आणि ती १९८८च्या दुरुस्तीनंतर हललेली नाही. गणित करून पाहा: ९०६ कोटी उभे करायला पूर्ण दराने भरणारे ३६ लाख २४ हजार करदाते लागतात. दर वाढवायचा तर संसदेत घटनादुरुस्ती हवी. राज्य सरकारकडे नुसती करवाढ मागण्यापेक्षा, ही मर्यादा वाढवण्याची शिफारस करणारा ठराव विधिमंडळाने करावा अशी मागणी करा. दुसऱ्या राज्यांनाही तो हवाच असेल.

दुसरी वाट घरपट्टीच्या बिलावर छापलेली आहे. महापालिका हद्दीतल्या कुणाचंही बिल काढून बघा: पाणीपट्टी, सफाई, वृक्षकर यांच्या ओळीत 'शिक्षण कर' आणि काही मिळकतींवर 'रोजगार हमी कर' सापडेल. १९६२च्या कायद्याने राज्य सरकार हा उपकर घेतं, महापालिका फक्त गोळा करून पुढे पाठवते. भरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. नवा कर मागण्याआधी हा जुना किती जमतो, महापालिकांकडे किती थकतो आणि त्यातून उच्च शिक्षणाला काय जातं, हे विधानसभेत तारांकित प्रश्नाने विचारून घ्या. नवा बोजा न टाकता मिळणारा पैसा मागणं केव्हाही सोपं.

तिसरी वाट दिल्लीची. आयकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. एक लाख आयकर भरणारा वर चार हजार देतो. २०१८पूर्वी हा ३ टक्के होता, त्यातला १ टक्का माध्यमिक व उच्च शिक्षणाचा. कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, नोंदवलं आहे की २००६-०७ ते २०१६-१७ या काळात या एका टक्क्यातून ८३,४९७ कोटी रुपये आले आणि त्यासाठीचा वेगळा निधी उभारलेलाच नव्हता. शिवाय उपकर राज्यांना वाटून द्यायच्या करांत मोडत नाही, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या पगारदाराचा हा पैसा राज्याच्या हिश्श्यात येत नाही. राज्याच्या खासदारांकडे नेण्यासारखी याहून नेमकी मागणी नाही.

दारूवरचं उत्पादन शुल्क सगळेच सुचवतात. त्यावर आधीच दहा योजनांची नजर आहे, आणि मुलाची फी बापाच्या बाटलीवर अवलंबून ठेवणं फारसं बरंही दिसत नाही. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे नफ्यातून सामाजिक कामासाठी काढलेला पैसा, वसतिगृह बांधायला, ग्रंथालय उभारायला घ्या. दरवर्षीच्या फीसाठी घेऊ नका, कारण कंपनीचा नफा घटला की तो वर्षात आटतो.

कर्ज हा पर्याय म्हणून पुढे केला जाईल, त्याचं उत्तर तयार ठेवा. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही, ८ लाखांच्या आतल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण ती निवडक दर्जेदार संस्थांपुरती, मंजुरीच्या वेळी ८६०. तालुक्याच्या कॉलेजातल्या बीकॉमच्या मुलीला तिचा उपयोग नाही. आणि इंग्लंडसारखी 'कमवायला लागल्यावर पगारातून कापू' ही पद्धत चालायला बहुतेक पदवीधर पगारपत्रकावर असावे लागतात. आपल्याकडचे किती असतात ते आजूबाजूला पाहिलं तरी कळतं.

पैसा कोणत्या वाटेने जातो

तरतूद मिळणं ही अर्धी लढाई. आज पैसा अर्जामागे जातो, जागेमागे नाही, आणि बहुतेक रडगाणी तिथूनच सुरू होतात.

महाडीबीटीवरच्या अर्जाचा प्रवास असा: विद्यार्थी अर्ज भरतो, कॉलेजचा लिपिक तपासतो, मग विभागाचं कार्यालय, मग मंजुरी, मग कोषागार, मग दोन हप्त्यांत पैसा. प्रत्येक टप्प्यावर ठरावीक गोष्टी बिघडतात. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव यांत वडिलांच्या नावाचं एक अक्षर वेगळं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपलेला. नॉन-क्रिमीलेअर (मागासवर्गीयांना सवलतीसाठी लागणारा, प्रगत गटात नसल्याचा दाखला) आहे म्हणजे ८ लाखांची अट आपोआप पुरी झाली असं धरून चालणं, हेही नेहमीचं: नॉन-क्रिमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न वेगळ्या तऱ्हेने धरतात, फी माफीत मात्र कुटुंबाचं सगळं उत्पन्न मोजलं जातं. आणि सगळ्यात तापदायक म्हणजे आधार जोडलेलं खातं. सरकारचा पैसा विद्यार्थ्याने अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. ते कधीतरी सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं निघतं, आणि पोरगी महाविद्यालयात सांगत राहते, "पैसे आलेच नाहीत."

अनुसूचित जातीच्या केंद्रीय शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. ते वेगवेगळ्या वेळी येतात. घरात कुणी आजारी असताना खात्यात आलेले तीस हजार कॉलेजला भरायचे आहेत, हे लक्षात ठेवणं कुठल्या घराला जमतं? ते खर्च झाले की कॉलेज निकाल अडवतं, आणि 'मोफत' शिकलेल्या मुलाच्या नावावर थकबाकी चढते.

तिकडे संस्थेची बाजूही खोटी नाही. सरकारने फी उशिरा दिली की तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचं मानधन आधी थांबतं. म्हणून कॉलेजं प्रवेशाच्या वेळी पालकांकडून 'तात्पुरते' पैसे घेतात. पात्र विद्यार्थ्याकडून आगाऊ फी घेऊ नये अशी परिपत्रकं असूनही घेतात. शेजारी पाहायचं तर एकत्रित आंध्र प्रदेशाने २००८-०९पासून खासगी कॉलेजांची फी परत द्यायला सुरुवात केली. प्रवेश वाढले, कॉलेजं वाढली, आणि थकबाकीही. तेलंगणात आज कॉलेजं थकबाकीसाठी बंद पुकारतात. योजना तत्त्वाने चूक नव्हती, पैसा मागून देण्याची पद्धत चुकली.

म्हणून निवेदनाचा गाभा हा ठेवा: फी माफी ही विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती नको, कॉलेजला जागेचं अनुदान हवं. पद्धत अशी लिहून द्या. कॅपची शेवटची फेरी संपली की ती प्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाकडे कॉलेजनिहाय, प्रवर्गनिहाय प्रवेशांची यादी असतेच. त्या यादीवर मंजूर दर लावून ६० टक्के रक्कम ऑक्टोबरअखेर कॉलेजच्या वेगळ्या खात्यात आगाऊ जावी. उरलेली ४० टक्के पहिल्या सत्राच्या परीक्षेला प्रत्यक्ष बसलेल्यांची विद्यापीठाची यादी जुळवून फेब्रुवारीत. यादीत नाव आहे पण परीक्षेला कुणी नाही, अशा जागेचे पैसे पुढच्या हप्त्यातून वळते. दाखल्यांची तपासणी सरकार आणि कॉलेज यांच्यात राहील, पात्रतेत कुणी नापास झालं तर वसुली नंतर, पण प्रवेशाच्या खिडकीवर पैसे शून्य. ही परीक्षेची अट गाळू नका. खोट्या प्रवेशांवर शिष्यवृत्ती उचलण्याची प्रकरणं महाराष्ट्राने पाहिलेली आहेत आणि वित्त विभागाच्या ती चांगली लक्षात आहेत.

तिसऱ्या थरासाठी, म्हणजे राहण्या-जेवणासाठी, पैसा विद्यार्थ्याच्याच खात्यात जायला हवा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना पाहा: २०१६-१७मध्ये ठरलेला पुण्या-मुंबईचा दर ६०,०००, त्यात जेवण ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. जेवणाचे दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला ३,२००. पुण्यात दोन वेळच्या मेसचा आजचा दर विचारा आणि फरक निवेदनात लिहा. दर वर्षी महागाई निर्देशांकाशी जोडण्याची मागणी इथे घाला, नाहीतर आकडा दशकभर जिथल्या तिथे राहतो.

जे विचारतील

"श्रीमंतांच्या मुलांनाही फुकट?" हा प्रश्न रास्त आहे, झटकू नका. वरच्या नमुन्यात त्या २४० जणांचे २ कोटी ५९ लाख वेगळे काढले ते यासाठीच. पण ८ लाखांच्या रेषेचा दोषही दाखवा. ७ लाख ९० हजार पगाराच्या घरातली मुलगी पूर्ण माफीत, ८ लाख १० हजारवाली पूर्ण फीत. आणि पगारदाराचं उत्पन्न फॉर्म १६मध्ये पैसा-पैसा दिसतं, व्यापाऱ्याचं किंवा बागायतदाराचं दाखल्यावर जेवढं लिहिलं तेवढंच. उत्पन्नाची अट ठेवायचीच असेल तर एका रेषेऐवजी उतार मागा: ८ लाखांपर्यंत शून्य, १२ लाखांपर्यंत पाव, त्यावर अर्धी.

"दर्जा घसरेल." घसरतो, फीची जागा भरली नाही तर. जर्मनीत सात राज्यांनी २००६-०७च्या सुमारास सत्राला ५०० युरोपर्यंत फी लावली आणि २०१४पर्यंत सगळ्यांनी ती काढली. नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याने फी काढताना कायद्यातच विद्यापीठांना वर्षाला किमान २४९ दशलक्ष युरो भरपाई लिहून दिली. शासन निर्णयात आणि कायद्यात हाच फरक आहे: निर्णय पुढचं सरकार एका कागदाने बदलतं.

"मुलं वर्षानुवर्षं रेंगाळतील." चिलीने २०१६पासून गरीब कुटुंबांसाठी फी माफ केली, पण अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या वर्षांपुरतीच. आपल्याकडे एक जादा वर्ष माफ करावं, आजारपण आणि एटीकेटीसाठी. स्कॉटलंडचा धडा उलटा आहे: तिथे फी नाही, पण सरकार भरेल तेवढ्याच जागा स्थानिकांना मिळतात. जागांची संख्या कमी होणार नाही हे लिहून घ्या.

कायद्याचा आधार एका परिच्छेदात पुरे. १९९३च्या उन्नीकृष्णन निकालात चौदा वर्षांनंतरचं शिक्षण राज्याच्या आर्थिक कुवतीवर सोडलं आहे, तेव्हा हक्क म्हणून भांडण्यात वेळ घालवू नका. भारताने १९७९मध्ये स्वीकारलेल्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं तेरावं कलम उच्च शिक्षण क्रमाक्रमाने मोफत करण्याचं म्हणतं. 'क्रमाक्रमाने' हा शब्द तुमच्या पायरीपायरीच्या हिशोबाला नेमका बसतो.

कधी द्यायचं

अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, पण विभागांचे अंदाज आदल्या पावसाळ्यानंतरच तयार व्हायला लागतात. निवेदन ऑगस्टअखेर उच्च व तंत्रशिक्षण विभाग, सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण आणि वित्त या चारही विभागांत नोंदवा आणि आवक क्रमांक घ्या. एकाच विभागात दिलं तर बाकीचे तीन 'आमच्याशी संबंधित नाही' म्हणतात. पावसाळी आणि नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, चालू वर्षाची थकबाकी तिथे मागायची. मार्चमध्ये विभागाच्या मागणीवर कपात सूचना (तरतुदीवर आक्षेप घेऊन चर्चा घडवण्याचं साधन) देण्यासाठी एखाद्या आमदाराकडे एका पानाचं टिपण आधीच पोचवा. जूनमध्ये काही मिळेल या आशेवर राहू नका. २०२४चा निर्णय ८ जुलैला आला, तोवर प्रवेश सुरू झाले होते, आणि माफी लागू असलेल्या मुलींकडून फी घेतल्याच्या तक्रारी निस्तरण्यात पहिलं सत्र गेलं.

निवेदनाला चार कागद जोडा: तीन पावत्यांच्या छायाप्रती (नावं झाकून), माहिती अधिकारात आलेलं उत्तर, एका कॉलेजचा तक्ता आणि एका पानावर हप्त्यांचं वेळापत्रक. सगळं मिळून सहा पानांच्या वर जाऊ देऊ नका.